पाळलेल्या अजगराचा हिशेब

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एके काळी ब्रह्मी अजगराचे पिल्लू वीसेक डॉलरांना सहज मिळत असे. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले हे पिल्लू जेमतेम २ फुटांचे असते. ते भुंकत नाही, फिरायला नेण्याचा हट्ट धरीत नाही आणि आठवड्याला एखाद्या उंदरावर संतुष्ट राहते. शहरी माणसाला याहून सोयीचा प्राणी कोणता सापडावा? १९९६ ते २००६ या काळात असे सुमारे ९९ हजार अजगर अमेरिकेने आयात केले. हौसेला मोल नसते असे म्हणतात. या हौसेला मात्र मोल होते, आणि ते खरेदीदाराने पूर्णपणे चुकते केले नाही.

कारण विकत घेतलेली वस्तू झिजत जाते, तर अजगर वाढत जातो. नीट पोसलेले पिल्लू दोन-तीन वर्षांत १० फुटांच्या घरात पोहोचते. मादी पुढे १५ फूटही ओलांडते. उंदरांची जागा ससे घेतात, काचेच्या पेटीची जागा खोली घेते. शीतरक्ताच्या या प्राण्याला ३० अंशांच्या आसपास उबदार राहील असा कोपरा बारा महिने लागतो. त्याविना त्याला अन्न पचत नाही. आणि हे सारे वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ चालवायचे असते. हट्ट धरणारा मुलगा तोवर शिक्षणासाठी परगावी गेलेला असतो.

त्याला हाताळणे हे तर स्वतंत्र शास्त्रच आहे. जाणकार पाळणारे लहानपणापासून त्याला नियमितपणे, थोडा थोडा वेळ हातात घेतात. शरीराला दोन्ही हातांचा आधार देतात आणि गळ्यात मात्र कधीही घालीत नाहीत. खाल्ल्यानंतर दोन दिवस त्याला हात लावीत नाहीत, नाहीतर तो भक्ष्य ओकून टाकतो. अजगराच्या ओठांवरील खाचांना उष्णता जाणवते. सशाचा वास लागलेला उबदार हात आणि प्रत्यक्ष ससा यांत तो फरक करीलच असे नाही. म्हणून हात धुऊनच पिंजरा उघडायचा, आधी आकडीने त्याला हळूच स्पर्श करायचा, म्हणजे ही जेवणाची वेळ नव्हे हे त्याला कळते. आणि मेलेले भक्ष्य लांब चिमट्यानेच पुढे धरायचे. तो ८-१० फुटांचा झाला की जवळ दुसरा प्रौढ माणूस असल्याविना त्याला बाहेर काढायचे नाही. विळखा पडलाच, तर तो शेपटीकडून सोडवायचा. सवयीने अजगर माणसाला सहन करतो. यालाच मालक प्रेम समजतात, ही गोष्ट वेगळी. या दुसऱ्या माणसाचा खर्च दुकानदार पावतीवर लिहीत नाही. जुलै २००९ मध्ये फ्लोरिडातच पेटीतून सुटलेल्या, अर्धपोटी ठेवलेल्या साडेआठ फुटी अजगराने घरातील २ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. घरातील प्रौढांना न्यायालयाने पुढे दोषी ठरविले.

ज्यांना हा भार पेलवेना, त्यांपैकी काहींनी अजगर रात्री नेऊन एव्हरग्लेड्सच्या दलदलीत सोडला. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात एक प्रजनन केंद्र उद्ध्वस्त झाले, त्याचीही भर पडली असावी. २००० सालापर्यंत तेथे अजगरांची वीण स्थिरावल्याचे मान्य झाले होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रात्रीच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या रॅकूनांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. आयातीवर बंदी आली तीही त्याच वर्षी. २०१३ च्या पहिल्या अजगर-शिकार स्पर्धेत सुमारे १,६०० जण उतरले आणि हाती लागले ६८ अजगर! २०१७ पासून तर सरकारी पैशातून पगारी शिकारी नेमावे लागले. खासगी हौसेचा खर्च करदात्यावर कसा ढकलला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही विरळाच.

फ्लोरिडाने २००८ मध्ये वर्षाला १०० डॉलरांचा परवाना लावला आणि २०१० मध्ये घरगुती पाळण्यावरच बंदी घातली. परंतु वार्षिक शुल्काचा भार प्रामाणिक माणसावरच पडतो; अप्रामाणिकाला दलदल फुकट असते. त्यापेक्षा नकोसा प्राणी दंडाविना परत घेण्याची जी योजना त्या राज्याने २००६ पासून चालविली, ती अधिक शहाणपणाची होती. मात्र तिचा खर्चही विक्रेत्याच्या नफ्यातून निघायला हवा होता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतीय अजगर घरी पाळणे हा गुन्हा आहे. परंतु पश्चिम आफ्रिकेतील बॉल अजगरासारखे परदेशी प्राणी येथील हौशी लोकांपर्यंत पोहोचले आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने जाहीर करण्यास सांगितले आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम केले. बॉल अजगर ४-५ फुटांवर थांबतो, त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. पण तो तीस वर्षेही जगू शकतो. नोंदणीबरोबरच खरेदीच्या वेळी अनामत रक्कम घ्यावी, प्राणी परत आणून दिला की ती परत करावी, आणि परत आलेल्या प्राण्याच्या पोषणाचा भार विक्रेत्यावर टाकावा. किंमत वाढेल, खरेदीदार घटतील. विक्रेते तक्रार करतील, ती करू द्यावी.