मेंदूला इजा झाल्यावर घरी व्हिडीओ गेम: हात पुन्हा चालतो का?

भिवंडीत यंत्रमागावर तुटलेला धागा जोडायला दोन्ही हातांची बोटं लागतात. अपघातात डोक्याला मार लागला किंवा पक्षाघात झाला आणि एक हात उचलेनासा झाला, तर कारागिराचा रोजगारच थांबतो.

उपचार म्हणजे रोजचा व्यायाम, अनेक महिने. केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था मुंबईत हाजीअलीला आहे. भिवंडीहून तिथे थेट लोकल नाही. आधी रस्त्याने ठाणं किंवा कल्याण गाठायचं. सोबत घरातलं कुणीतरी, म्हणजे दोघांचा खाडा. म्हणूनच घरी खेळायच्या गेमचा पर्याय महत्त्वाचा ठरतो.

गेम नेमकं काय करतो?

मेंदूच्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र उरलेले भाग काही कामं नव्याने शिकू शकतात. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते आणि तिथेच कंटाळा येतो. गेममध्ये कॅमेरा हालचाल टिपतो. हात हलला की पडद्यावरची होडी पुढे जाते, गुण मिळतात.

पुरावा काय सांगतो?

बहुतेक मोठे अभ्यास पक्षाघाताच्या रुग्णांवर झाले आहेत. 2016 मध्ये 141 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना निन्टेंडो वी हा बाजारातला गेम दिला, बाकीच्यांना पत्ते, चेंडू असे साधे खेळ. सुधारणा दोन्ही गटांत झाली. गेमचा जास्तीचा फायदा दिसला नाही.

2022 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला. त्यातला 'रिकव्हरी रॅपिड्स' हा होडीचा गेम खास रुग्णांसाठी बनवलेला होता. घरी गेम आणि व्हिडीओ कॉलवर थेरपिस्ट, असा उपचार घेणाऱ्यांची प्रगती क्लिनिकमधल्या सखोल उपचाराच्या तोडीची होती. थेरपिस्टचा वेळ मात्र एक-पंचमांशच लागला.

मग घरी काय करायचं?

महागडा गेम नाही म्हणून अडून बसू नका. पत्ते वाटणं, वाटी उचलणं, कपड्यांच्या घड्या घालणं हाही सराव होऊ शकतो, पण दुबळ्या हाताने. चांगल्या हाताने मोबाईलवर गेम खेळल्याने दुबळा हात सुधारत नाही.

सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारा. फिट येत असेल, चक्कर येत असेल किंवा तोल जात असेल तर गेम धोक्याचा ठरू शकतो. दुखरा खांदा ओढू नका.

फिजिओथेरपिस्टकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: घरी रोज कोणती हालचाल किती वेळा करायची, आणि मधल्या दिवसांत व्हिडीओ कॉलवर तपासाल का?