गोड वास, जड वाफ

परीक्षानळीत थोडे इथेनॉल व तितकेच ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल घ्यायचे, त्यात संहत सल्फ्यूरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे आणि नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात धरायची. थोड्याच वेळात पिकल्या फळासारखा गोड वास सुटतो. हा इथिल अ‍ॅसिटेट नावाचा एस्टर. दहावीत हा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. पण नळी सरळ दिव्यावर का धरायची नाही, हे कधी विचारले आहे का? माझ्या मते या प्रयोगातला खरा प्रश्न तोच, आणि त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात सापडते.

हा द्रव ७७° सेल्सिअसला उकळतो. पण त्याची वाफ उकळण्याची वाट पाहत नाही. २०° तपमानाला त्याचा बाष्पदाब सुमारे ७३ मिलिमीटर असतो. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर. भागाकार करून पाहा : बंद बाटलीत द्रवावरच्या हवेत शेकडा साडेनऊ भाग वाफच! आता, हवेत ही वाफ शेकडा सुमारे २ ते ११.५ असली, की ठिणगी पडताच मिश्रण पेटते. द्रव थंड करत गेले, तर उणे ४ अंशांच्या आसपास वाफ जेमतेम पेटण्यापुरती उरते. हा त्याचा प्रज्वलनांक. रॉकेलचा प्रज्वलनांक भारतीय मानकानुसार ३५ अंशांहून कमी चालत नाही. म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, त्या पहाटेसुद्धा इथिल अ‍ॅसिटेट पेटायला तयारच असते.

दुसरी गोष्ट वजनाची. त्याचा रेणुभार ८८, हवेचा सरासरी २९. वाफ हवेच्या तिप्पट जड! हवेत मिसळल्यावरही ते मिश्रण भोवतालच्या हवेपेक्षा जडच राहते. ते टेबलावरून सरपटते, कडेवरून खाली उतरते, पलीकडच्या दिव्यापर्यंत पोहोचते. आणि मग ज्योत त्याच वाटेने उलटी बाटलीकडे येते. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडा. पाणी आधी तापवा, दिवा विझवा, मगच नळी पाण्यात ठेवा.

वास धोक्याची सूचना देईलच की, असे कोणी म्हणेल. देतो खरा, दशलक्ष भागांत काही थोडे भाग वाफ असली तरी नाकाला कळते, आणि पेटायला तर वीस हजार भाग लागतात. पण नाक काही मिनिटांत वासाला सरावते. वास येईनासा झाला तरी वाफ तिथेच असू शकते. ती फार वेळ हुंगल्यास डोळे चुरचुरतात, डोके दुखते, गरगरते. कीटकसंग्राहक बरणीत कीटक मारायला हाच द्रव वापरतात! नखांचा रंग काढण्याच्या कित्येक द्रवांतही तो असतो. तेव्हा ती बाटली देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ उघडू नये.

सांडलेला द्रव पेटलाच, तर पाणी ओतू नका. तो पाण्यापेक्षा हलका. पाण्यात थोडासा विरघळतो आणि बाकीचा वर तरंगत, जळत पसरतो. कोरडी वाळू टाका. परीक्षानळीच्या तोंडाशीच ज्योत दिसली, तर ओले फडके झाकले की पुरते.