धारणे-पारणे : उपवासाचा जुना नेम आणि नवा हिशेब

माझी आजी चातुर्मासात धारणे-पारणे करीत असे. आषाढी एकादशीला धरलेला हा नेम कार्तिकातल्या द्वादशीपर्यंत, एका दिवसाचाही खंड न पडता चाले : धारण्याच्या दिवशी पाणी आणि तिन्हीसांजेला वाटीभर दूध, पारण्याच्या दिवशी भाकरी, आमटी, भात असे चारचौघांसारखे जेवण. देवघराच्या भिंतीवर, समईच्या काजळीने काळवंडलेल्या कोपऱ्यात, प्रत्येक धारण्याला ती चुन्याच्या बोटाने एक रेघ ओढी. त्या रेघा मोजून आम्ही मुले दिवाळी किती दूर आहे याचा अंदाज बांधीत असू.

पुढे अनेक वर्षांनी, 2017 साली, अमेरिकेतील शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात क्रिस्टा वराडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका चाचणीचा वृत्तांत माझ्या वाचनात आला, तेव्हा त्या रेघा डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. शंभर स्थूल माणसांपैकी काहींना एक दिवस आहाराचा जेमतेम चतुर्थांश आणि दुसऱ्या दिवशी सव्वापट अन्न, असा एकाआड एक दिवसाचा उपवास त्यांनी वर्षभरासाठी नेमून दिला होता. दुसऱ्या गटाला रोजच्या ताटातील चौथा हिस्सा कमी करावयास सांगितले होते. आणि तिसऱ्या गटाच्या आहाराला हात लावला नव्हता. वर्षाअखेरीस पहिल्या दोन्ही गटांचे वजन जवळजवळ सारखेच, शेकडा पाच-सहाच्या आसपास, घटलेले दिसले. परंतु एकाआड उपवास करणाऱ्यांपैकी शेकडा 38 जणांनी चाचणी मध्येच सोडली, तर रोज थोडे कमी जेवणाऱ्यांत हे प्रमाण 29 होते. आजीचा नेम जो कधी मोडला नाही, तो तिची प्रकृती निराळ्या धातूची होती म्हणून नव्हे. धारण्याच्या दिवशी घरात कोण शिजवील, पाहुणा आला तर काय करावयाचे, शेतावरचे जड काम कोणत्या दिवशी काढावयाचे, याचा बंदोबस्त साऱ्या घराने मिळून केलेला असे. उपवासाच्या उपयुक्ततेविषयी आज जी चर्चा चालते तीत या बंदोबस्ताचा उल्लेख क्वचितच येतो, आणि माझ्या मते सारी मेख तेथेच आहे.

ज्याला आज 'इंटरमिटंट फास्टिंग' म्हणतात त्याचे बहुतेक सारे प्रकार आपल्या व्रतांच्या परिभाषेत पूर्वीपासून नांदत आहेत. दिवसातून एकदाच जेवणे ते एकभुक्त. दिवसभर निराहार राहून रात्री जेवणे ते नक्त. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणे हा जैनांचा चौविहार, जो सांगली-कोल्हापूरकडील जैन घरांतून आजही पाळला जातो. रमजानचा रोजा तर सर्वपरिचितच आहे. नव्या पद्धतींपैकी सर्वांत लोकप्रिय झाली ती सोळा तास उपवास आणि आठ तासांच्या आत सर्व खाणे ही. आणि 2012 मध्ये मायकेल मोस्ली या ब्रिटिश पत्रकाराने दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचविली ती आठवड्यातून दोन दिवस अल्पाहाराची. फरक आहे तो हेतूचा. व्रतात अन्न सोडणे हे ईश्वराला अर्पण केलेले असे, आज ते रक्तातील साखरेच्या आणि कमरेच्या घेराच्या नावे जमा होते. हेतू बदलला तरी शरीराचा कारभार मात्र बदलत नाही.

तो कारभार थोडा समजून घेण्यासारखा आहे. जेवणातून आलेली साखर रक्तात उतरली की स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि त्याच्या हुकमाने ती साखर पेशींत व यकृतात भरली जाते. यकृत ही घरखर्चाची पेटी समजावी : तिच्यात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे शंभर ग्रॅम साखर मावते, आणि रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत मेंदूचा खर्च मुख्यतः तीतूनच भागतो. चरबी ही तळघरातील ठेव. बारा किलो चरबी अंगावर बाळगणाऱ्या सामान्य बांध्याच्या माणसापाशी एक लाखाहून अधिक उष्मांक शिलकीत असतात. रोजचा खर्च दोन हजारांचा धरला तर पन्नास दिवसांची बेगमी. परंतु इन्सुलिनची पातळी चढी असेतोवर त्या तळघराचे दार बंद असते. बारा-चौदा तास पोटात काही गेले नाही, पेटी रिती होत आली, म्हणजे इन्सुलिन उतरते, दार उघडते, चरबी वितळू लागते आणि यकृत तिच्यापासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करून मेंदूला पुरवू लागते. सकाळी सातला चहाबिस्किटे, नऊला नाश्ता, अकराला पुन्हा चहा, एकला जेवण, चारला चहाबरोबर फरसाण, सातला काहीतरी चटकमटक आणि रात्री दहाला जेवण, असा ज्याचा दिनक्रम आहे, त्याच्या शरीरात ते दार उघडावयास फुरसतच मिळत नाही.

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव जी दोनच वेळा जेवण्याची, आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपण्याची पद्धत पोहोचविली, तिचे मोठे श्रेय मला हेच वाटते की मधल्या चहाच्या कपातील दोन चमचे साखर आणि चार बिस्किटे ही 'खाणे' या सदरात मोडतात, हे तिने सामान्य माणसाच्या ध्यानात आणून दिले. त्या पद्धतीच्या प्रत्येक दाव्याशी मी सहमत नाही. पण हा उपकार लहान नव्हे.

आता लाभाचे प्रमाण. 2012 साली कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत सच्चिदानंद पंडा यांच्या गटाने असे दाखविले की, तेवढेच स्निग्ध अन्न रात्रंदिवस कुरतडणारे उंदीर लठ्ठ व रोगी झाले, तर तेच अन्न आठ तासांत खाणारे उंदीर सडसडीत राहिले. जपानचे योशिनोरी ओहसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशी आपल्याच आतील जीर्ण द्रव्यांचे पचन करून त्यांचा पुनर्वापर कसा करते, या ऑटोफॅजी नामक क्रियेच्या उलगड्याबद्दल. या दोन्ही गोष्टींचा गवगवा फार झाला. परंतु ओहसुमींचे मूळ काम यीस्टच्या पेशींवरचे आहे. माणसाच्या शरीरात अमुक तासांनी ही सफाई सुरू होते असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्याला पुराव्याचे पाठबळ नाही. आणि उंदराच्या आयुष्यातील एक दिवस हा माणसाच्या दिवसाएवढा अल्प नसतो.

माणसांवरील चाचण्यांचे निकाल अधिक संयत आहेत. 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील चाचणीत 116 जणांपैकी एका गटाने बारा आठवडे दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवावे असे ठरले. त्यांचे वजन दिवसातून तीनदा जेवणाऱ्यांपेक्षा म्हणण्यासारखे अधिक उतरले नाही, आणि जे उतरले त्यात स्नायूंचा वाटा चिंता वाटावी इतका मोठा होता. 2022 मध्ये चीनमधील ग्वांगझो येथे 139 स्थूल व्यक्तींना वर्षभर सारख्याच मोजक्या उष्मांकांचा आहार दिला गेला. त्यांपैकी सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात जेवणाऱ्यांचे वजन आठ किलोने घटले, वेळेचे बंधन नसलेल्यांचे सहा किलो तीनशे ग्रॅमने, आणि हे अंतर संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याजोगे नव्हते. अर्थात वजन घटते ते कमी खाल्ल्याने. घड्याळ हे कमी खाण्याचे एक साधन आहे, आणि ज्याला ताटातील घास मोजण्यापेक्षा घड्याळाकडे पाहणे सोपे वाटते त्याच्यासाठी ते उत्तम साधन आहे.

तथापि एक चाचणी मला फार मोलाची वाटते. 2018 मध्ये अमेरिकेतच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या अवघ्या आठ पुरुषांना पाच आठवडे, दिवसाचे सर्व अन्न सहा तासांत, आणि शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत, असे दिले गेले. वजन घटू नये एवढे अन्न मुद्दाम दिले होते. तरीही त्यांच्या शरीराची इन्सुलिनला साद देण्याची क्षमता सुधारली, रक्तदाब उतरला आणि संध्याकाळची भूक वाढण्याऐवजी कमी झाली. संख्या लहान आहे हे खरे. पण शरीराला सकाळचे अन्न रात्रीच्या अन्नापेक्षा अधिक मानवते, ही गोष्ट इतर मार्गांनीही पुढे आलेली असल्यामुळे तिला वजन आहे. किती तास उपाशी राहिलो याहून ते तास कोणते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला तो तेव्हापासून.

आपल्याकडचा उपवास या कसोटीला का उतरत नाही, हे पाहावयाचे तर एकादशीच्या सकाळी कोणत्याही स्वयंपाकघरात डोकवावे. रात्री भिजवलेला साबुदाणा मोत्यासारखा मोकळा झालेला असतो. तुपात जिरे तडतडते, हिरवी मिरची व बटाट्याच्या फोडी पडतात, शेंगदाण्याचे कूट मिसळले जाते. पदार्थ रुचकर आहे, मलाही प्रिय आहे. परंतु साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट : शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या घरात उष्मांक आणि प्रथिन एक ग्रॅमदेखील नाही. गंमत अशी की ज्या कंदापासून तो बनतो तो कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, ही सारी मंडळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे आली. म्हणजे आपण ज्याला परंपरेचा फराळ म्हणतो तो फार तर चार-साडेचारशे वर्षांचा, आणि त्यापूर्वीचे एकादशीचे ताट याहून पुष्कळच रिते असले पाहिजे. उपवासाचे पुण्य वा गुण, जे काही असेल ते, रिकाम्या प्रहरांत आहे. बदललेल्या पदार्थांत नाही.

आणि रिकामे प्रहर मिळवावयाचे तर अडचण आहे ती संध्याकाळची. डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जाणारा माणूस आठच्या लोकलने निघून नऊ-साडेनऊला घरी येतो. त्याला साडेसातच्या आत जेवा असे सांगणे म्हणजे त्याच्या संसाराची थट्टा होय. त्याने न्याहारीला रजा देऊन दुपारचा डबा हेच मुख्य जेवण करावे आणि रात्री वरणभाताएवढे हलके घ्यावे, हे त्याला पेलते. निवृत्तांना, घरून काम करणाऱ्यांना, शाळेतून चारला परतणाऱ्या शिक्षकांना साडेसात ही वेळ सहज साधते. परंतु गृहिणीचे काय? एकादशीला सर्वांसाठी खिचडी परतून, मुलांसाठी वेगळी पोळीभाजी करून, सर्वांच्या मागून रात्री दहाला ती जेवावयास बसते, उरलेले वाया जाऊ नये म्हणून दोन घास जास्तच घेते, आणि मग वजन का घटत नाही असे डॉक्टरांना विचारते. एकट्या व्यक्तीसाठी आखलेले वेळापत्रक तिच्या दिवसात बसत नाही. घराने एकत्र, लवकर जेवावयाचे ठरविले तरच तिला उपवासाचा लाभ आहे.

शेवटी धोक्याविषयी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, अशक्त वृद्ध, आणि ज्यांचा अन्नाशी असलेला संबंध पूर्वी कधी आजाराच्या कोटीला गेला होता अशा व्यक्ती, यांनी हा मार्ग धरू नये. मधुमेही माणसाची गोष्ट स्वतंत्र आहे, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात असे दहा कोटींहून अधिक लोक आहेत. माझ्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ संकष्टीचा कडक उपवास करीत. एका संकष्टीला सकाळी शिरस्त्याप्रमाणे त्यांनी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, आणि चंद्रोदयाची वाट पाहत गच्चीवर बसले. नऊच्या सुमारास त्यांच्या हाताला कंप सुटला, सदरा घामाने भिजला, बोलणे तुटक होऊ लागले. वहिनींनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले आणि पंधरा मिनिटांत ते सावध झाले. ग्लुकोमीटरवर आकडा 52 होता. ती गोळी पोटात अन्न असो वा नसो स्वादुपिंडाकडे इन्सुलिनचा तगादा लावीतच राहते. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचेही तसेच. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेत असता लांबलेल्या उपवासात रक्तातील साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. त्या गृहस्थांनी उपवास सोडला नाही. डॉक्टरांनी संकष्टीपुरता गोळीचा वेगळा हिशेब लिहून दिला, आणि ते आता संध्याकाळी पाचला दूध घेतात.

दिवाळीच्या पाडव्यापासून अकराव्या तिथीला कार्तिकी एकादशी येते. घरात ज्यांना साखरेची वा रक्तदाबाची औषधे चालू आहेत, त्यांची औषधांची चिठ्ठी त्यापूर्वी एकदा डॉक्टरांना दाखवून आणावी; आणि बाकीच्यांनी त्या दिवशी साबुदाणा भिजत घालण्याऐवजी रात्रीचे ताट साडेसातला मांडून पाहावे.