दोनशे पुस्तकं बाहेर

सकाळी साडेसात. उदगीरच्या आमच्या वाचनालयाचं शटर वर करतो, तेव्हा पायरीवर सहा-सात पोरं बसलेलीच असतात. कुणी पोलीस भरतीचं, कुणी नीटचं. आधी अभ्यासिका उघडायची, मग वर्तमानपत्रं.

साडेनऊ. देवघेव. एक निवृत्त गुरुजी कुरुंदकरांचं पुस्तक परत आणतात. पुठ्ठा पाठीपासून सुटलेला. "सर, माझ्या हातून नाही हो." असू द्या गुरुजी, वाचल्यानंच सुटतं ते.

बारा. खळ शिजवतो. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. पाठीवर मांजरपाटाची पट्टी बोटानं दाबत न्यायची, हवा राहिली की फुगा येतो. वर दोन जाड शब्दकोश ठेवून द्यायचे.

वाळेपर्यंत अनुदानाचा अहवाल. पुस्तकं किती, सभासद किती, बाहेर किती. या शेवटच्या आकड्यापाशी मला दरवेळी फ्लॉरेन्सचा निकोलो निकोली आठवतो. १४३७ साली तो वारला तेव्हा त्याच्या आठशेच्या आसपास ग्रंथांपैकी दोनशे लोकांकडे वाचायला गेलेले होते, असं त्याचा चरित्रकार सांगतो. आपले ग्रंथ सर्वांना वाचता यावेत, ही त्याची इच्छा. तिथल्या धनाढ्य कोझिमो दे मेदिचीनं त्याचं कर्ज फेडलं आणि १४४४ मध्ये सान मार्कोच्या मठात ते ग्रंथ सर्वांसाठी खुले झाले. निकोलीच्या मित्रानं, पोज्जोनं, जुन्या मठातून शोधून काढलेलं रोमन कवी लुक्रेशियसचं काव्य निकोलीनं स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. ती प्रत आजही फ्लॉरेन्सात आहे. प्रबोधनकाळातली विद्वत्ता अशी उसन्या पोथ्यांवर, उतरवलेल्या प्रतींवर उभी राहिली.

आणि हे सगळं लांबचं वाटू नये. आमच्याकडून भालकी ओलांडली की बीदर. तिथं बहमनी वजीर महमूद गावाननं १४७२ मध्ये मदरसा बांधला, तीन हजार हस्तलिखितं ठेवली, दूरदेशीचे विद्वान आणले. १४८१ मध्ये खोट्या पत्रावरून त्याचा शिरच्छेद झाला. पुढं बंदुकीच्या दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला. उरलेल्या मिनारावरच्या निळ्या फरशा मी हात लावून पाहिल्यात. त्या पोथ्यांतल्या चार जरी कुणी घरी नेल्या असत्या तर!

सहा. मुदत संपलेल्यांना फोन. देवर्जनची एक ताई म्हणते, "सर, सासूबाई वाचायल्यात अजून. आठ दिवस ठेवू का?" ठेवा ताई. मी पुढची तारीख टाकतो.

आठ. गुरुजींचं पुस्तक वाळलंय. भरतीवाल्या एका पोरानं दुपारपासून सांगून ठेवलंय, त्याच्या नावावर चढवतो. रजिस्टरात बेरीज मांडतो. बाहेर : दोनशे अकरा.