नाव जुळलं म्हणजे नातं जुळलं का?

संशोधनाच्या तयारीत असाल, तर आज एक सराव करून बघा. समजा, मॅसॅच्युसेट्समधल्या एका क्लार्क घराण्याचा माग तुम्हाला १९०० पासून मागे १७०० पर्यंत काढायचा आहे. जनगणना उघडायची, नाव शोधायचं, झालं! इतकं सोपं आहे का?

अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव सापडतं. बायको-मुलं म्हणजे रकान्यातले नुसते आकडे. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव १८५० पासून, आणि प्रमुखाशी असलेलं नातं १८८० पासून लिहिलं गेलं. म्हणजे १८५० च्या घरातला दहा वर्षांचा क्लार्क हा मुलगा की पुतण्या, हे तो कागद सांगत नाही. ते आपण गृहीत धरतो. गुलामगिरीतल्या माणसांची तर १८५० आणि १८६० च्या याद्यांत सहसा नावंच नाहीत, नाव मालकाचं. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जायचं तर अनेकदा मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत पूर्वज शोधावे लागतात.

आणखी मागे गेलात की दोन सापळे आहेत.

पहिला, 'ज्युनियर'. वसाहतीच्या काळात याचा अर्थ मुलगा असाच नव्हता. गावात एकाच नावाचे दोघे असले, की वयाने लहान तो ज्युनियर. मोठा वारला की तोच सीनियर व्हायचा! मी पहिल्या वर्षी असे दोन जॉन एकच समजले होते. वारलेला जॉन चार वर्षांनी जमीन विकताना दिसला, तेव्हा कुठे चूक कळली. तोवर त्याच्यावरच्या तीन पिढ्या मांडून झाल्या होत्या, आणि त्या सगळ्या परक्या घराच्या निघाल्या.

दुसरा, कॅलेंडर. ब्रिटिश वसाहतींत १७५२ च्या आधी नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. लग्न एप्रिल १७३१ आणि मूल फेब्रुवारी १७३१, अशी नोंद दिसली की वाटतं, मूल लग्नाआधीचं, म्हणजे हे जोडपं आपलं नव्हे. पण त्या हिशोबाने फेब्रुवारी एप्रिलनंतर येतो. आपल्या मोजणीत तो फेब्रुवारी १७३२. जोडपं बरोबरच होतं. आपण उगाच सोडून दिलं असतं.

मग करायचं काय? माहीत असलेल्या पिढीपासून एकेक पायरी मागे जा. मृत्युपत्र, जमिनीचं खरेदीखत, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद असे वेगवेगळे कागद समोरासमोर ठेवा. बाप-मुलाच्या प्रत्येक जोडीपुढे लिहा: हे मला कशावरून कळलं? उत्तर 'नाव सारखं आहे' एवढंच असेल, तर तिथे 'बहुधा' लिहून थांबा. विरोधी नोंद सापडली तर ती लपवू नका, आधी तिचा उलगडा करा.

तुमचा विषय कोणताही असो, हीच सवय लावून घ्या. साखळीतली एक कडी चुकली, तर तिच्या मागचं सगळं दुसऱ्याच कुणाचं असतं.