टेरियरचे यकृत आणि तांबे

इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थंबरलँड परगण्यात बेडलिंग्टन नावाचे, एके काळी खाणकामगारांचे असलेले एक गाव आहे. त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी लहानखुरी टेरियर कुत्री दिसावयास थेट कोकरासारखी असतात. परंतु या जातीत यकृताचा एक रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून, १९७५ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी त्याचे वर्णन केले. रोगी कुत्र्याच्या यकृतात तांबे साचत जाते व अखेरीस यकृतच निकामी होते.

तांबे हे मुळात विष नव्हे. अत्यल्प प्रमाणात ते शरीरास आवश्यकच असते. अन्नातून आलेले जादा तांबे यकृत पित्तात सोडते आणि ते मलावाटे बाहेर पडते. या कुत्र्यांत नेमकी हीच वाट अडलेली असते. निरोगी कुत्र्याच्या यकृतात दर ग्रॅम शुष्क भारामागे साधारणतः ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे आढळते. रोगी कुत्र्यात हा आकडा १०,००० च्याही पुढे जाऊ शकतो. कित्येक वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखादे वेळी साचलेले तांबे एकाएकी रक्तात उतरते, तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते आणि जनावर थोड्याच दिवसांत दगावते.

२००२ साली नेदर्लंड्समधील युट्रेख्ट येथील संशोधकांना या रोगामागील जनुक सापडला. त्याचा एक तुकडाच गळालेला असतो. असा सदोष जनुक आई व बाप या दोघांकडून आला तरच रोग होतो. एकाकडूनच आला तर कुत्रा निरोगी राहतो, पण दोषाचा वाहक ठरतो.

तांबे आणि यकृत म्हटले की मराठी वाचकास पुण्याचे स्मरण व्हावे. लहान मुलांचा यकृत सूत्रण रोग भारतात एके काळी अनेक घरांतील बालके हिरावून नेत असे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश वैद्य डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या सुमारास या मुलांच्या यकृतातील तांब्याचा माग काढला. तो पोहोचला थेट स्वयंपाकघरात! कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले दूध तान्ह्या मुलांना पाजले जात होते, आणि दुधातील केसीन हे प्रथिन भांड्याचे तांबे धरून ठेवते. भांडी बदलली तसा हा रोगही दुर्मिळ झाला. बेडलिंग्टनचा सदोष जनुक या मुलांतही असेल काय, हे पुढे तपासण्यात आले. तो आढळला नाही.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र भांडे बदलून भागत नाही. त्याच्या आहारात प्राण्यांचे यकृत व तांबेयुक्त खनिज-पूरके टाळावी लागतात. पशुवैद्याच्या सल्ल्याने जस्ताचे क्षार दिल्यास आतड्यातच तांबे अडते. पेनिसिलामाइन हे औषध साचलेले तांबे मूत्रावाटे बाहेर काढते. दोन्ही एकाच वेळी देऊ नयेत, कारण ती परस्परांचा परिणाम घटवितात. जनुक-चाचणी निर्दोष आली तरी क्वचित रोग आढळतो. म्हणून शंका असल्यास यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणे हाच खरा निर्णय.

सर्व वाहकांना प्रजननातून वगळावे, असे कोणासही सुचेल. पण जात लहान असल्याने तसे केल्यास उरलेल्या कुत्र्यांत जवळचे नातेसंबंध वाढून दुसरेच दोष वर येतील. त्यापेक्षा वाहकाचा संबंध निर्दोष जोडीदाराशी घडवावा. पिल्लांपैकी सरासरी निम्मी वाहक निघतील, पण दोन सदोष जनुक एकाही पिल्लास मिळणार नाहीत. आणि त्यांच्या प्रजननापूर्वी प्रत्येकाची चाचणी करून निवड करता येईल.