अवटु-मांद्य आणि रक्तातील होमोसिस्टीन

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गुंजवणीच्या खोऱ्यात, मार्गासनी हे गाव आहे. अशा गावातील एखाद्या स्त्रीस भातलावणीत लवकर थकवा येऊ लागला, चेहरा सुजट दिसू लागला, थंडी सोसवेनाशी झाली, तर त्याचे खापर बहुधा वयावर व कष्टांवर फुटते. या लक्षणांच्या मुळाशी कित्येकदा अवटु ग्रंथीचे मांद्य असते. गळ्याच्या पुढील भागातील ही ग्रंथी थायरॉक्सिन निर्माण करते व चयापचयाचा वेग त्यावर अवलंबून असतो.

आयोडिनाच्या अभावी ग्रंथी बिघडते, हे सर्वश्रुत आहे. भारतात १९६२ साली गलगंड-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो याच कारणास्तव. परंतु आयोडीन पुरेसे मिळते तेथे मांद्याचे प्रमुख कारण निराळे असते. जपानी शल्यचिकित्सक हाशिमोतो यांनी १९१२ साली चार स्त्रियांच्या अवटु ग्रंथींत लसीका-पेशींची दाटी झाल्याचे वर्णन केले. १९५६ साली लंडनमध्ये रॉइट, डोनिअक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात ग्रंथीतील प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवून दिली. शरीराच्या रक्षणासाठी असलेली यंत्रणा स्वकीयांवरच उलटते, असा याचा अर्थ होय.

होमोसिस्टीन हे मिथिओनिनापासून शरीरातच बनणारे ॲमिनो अम्ल आहे. ब१२ जीवनसत्त्व व फॉलिक अम्ल यांच्या साहाय्याने त्याचे पुन्हा मिथिओनीन होते. थायरॉक्सिन अपुरे पडले की या क्रियेतील एंझाइमे मंदावतात, मूत्रपिंडांचे कार्यही घटते आणि होमोसिस्टीन रक्तात साचते. थायरॉक्सिनच्या उपचाराने ते सामान्यतः उतरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण व नागरी अशा ४४१ पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. तीत ६७ टक्क्यांमध्ये ब१२ कमी, तर ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन वाढलेले आढळले. शाकाहाराशी ब१२च्या उणिवेचा निकट संबंध दिसला. तेव्हा या भागात होमोसिस्टीन वाढले, एवढ्यावरून अवटु ग्रंथीस दोष देता येत नाही. उलट, अवटु ग्रंथीवर उलटलेली यंत्रणा काही रुग्णांत जठराच्या पेशींवरही उलटते व ब१२चे शोषण अडते. म्हणजे एकाच व्यक्तीत दोन्ही कारणे नांदू शकतात.

म्हणून थकव्यावर केवळ फॉलिक अम्लाच्या गोळ्या देणे धोक्याचे ठरते. त्यांनी रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो. परंतु ब१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरविल्याने हृदयविकाराचे झटके टळतात, असेही मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. आकडा उतरविणे हे साध्य नव्हे. तो का चढला, हे शोधणे महत्त्वाचे. त्यासाठी अवटु-उद्दीपक संप्रेरक व ब१२ या दोहोंची रक्तपरीक्षा प्रथम व्हावी.